सशाला पाणी पाजायचं नसतं

सशाला पाणी पाजायचं नसतं, हे मला आजवर किती जणांनी सांगितलं त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. भाजीवाली सांगते. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा सांगतो. समोरच्या बंगल्यातल्या काकू फाटकावरून मान आत घालतात, पिंजऱ्याला अडकवलेली बाटली बघतात आणि मी तिथं विष ठेवल्यासारखा चेहरा करतात.

"अवो, पाणी ठेवलंय व्हय? मरतंय की ओ ते!"

"का मरतं?"

"आता का म्हंजे? मरतंय."

याच्या पुढे कुणी जात नाही. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माझी निम्मी नोकरी काचेच्या नळ्या, तोट्या आणि बुचं सांभाळण्यात गेली. ज्याचं कारण सांगता येत नाही असा नियम मी प्रयोगशाळेत चालू देत नाही. घरात तसं करणं अवघड असतं, कारण घरात सासूबाई असतात.

ससे लेकीनं आणले. बारावीत असताना जयसिंगपूरच्या मैत्रिणीकडून बुटाच्या खोक्यात घालून आणले आणि पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेली. मला कुणी विचारलं नव्हतं. मला प्राण्यांचं वेड नाही. मांडीवर घेऊन कुरवाळायला तर अजिबात वेळ नाही. पण घरात आलेल्या जिवाला खायला-प्यायला मिळालं पाहिजे, एवढं मला समजतं. लेकीनं त्यांना कसली तरी लाडाची नावं ठेवली होती. मी त्यांना पांढरा आणि तपकिरी म्हणते. त्यांची काही तक्रार नाही.

आम्ही कसबा बावड्यात राहतो, नव्या घरांच्या रांगेत. कुंपणापलीकडे ऊस आहे. मागे अंगणासारखं परडं आहे, त्यात पत्र्याच्या सावलीला पिंजरा आहे. तो माझ्या नवऱ्यानं त्याच्या फौंड्रीतल्या वेल्डरकडून करून आणला. इतका भक्कम की त्यात म्हैस राहील.

पहिलं दीड वर्ष सशांचं खाणं सासूबाईंकडे होतं. मी कामावर, त्या घरी. लसूणघास, मेथीच्या काड्या, कोथिंबिरीची देठं, कोबीची वरची पानं. सगळं बादलीत बुचकळून, पाणी निथळत असतानाच पिंजऱ्यात टाकायच्या. प्यायचं पाणी मात्र कधी ठेवलं नाही. आणि ससे जगले, हे मला मान्य करायला हवं. सासूबाईंचं माहेर शिरोळकडचं. त्यांच्या वडिलांच्या मळ्यावर ससे असायचे. तिथं कुणीतरी एकदा हौसेनं पाण्याची थाळी ठेवली, सशांना हगवण लागली आणि आठवड्यात सगळे गेले. ही गोष्ट त्या इतक्यांदा सांगतात की त्या थाळीचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

मग एका हिवाळ्याच्या शेवटी पांढऱ्याचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, ओला पाला आणि कोबी कमी करा, सुकं गवत द्या, दुकानात तयार खाद्याच्या गोळ्या मिळतात त्या द्या. दिल्या. पोट सुधारलं. पण डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं की आता पाणी ठेवायचं.

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आधी पाल्यातून पाणी जात होतं पोटात. आता सगळं सुकं आहे. तुम्ही नुसती कोरडी भाकरी खाऊन बघा, बिनपाण्याची."

"मी काय ससा हाय?"

"म्हणूनच तर. तुम्ही मागून घ्याल. तो कसा मागणार?"

त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ." आमच्या घरात ही होकाराची पद्धत आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग भांडी सुरू झाली. सशासाठी पाण्याचं भांडं निवडणं हे माझ्या कल्पनेपेक्षा फार मोठं काम निघालं. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकचा वाडगा ठेवला. पांढऱ्यानं तो हुंगला, कड दातात धरली आणि भिरकावून दिला. पाणी गवतावर, गवत ओलं, आणि वाडगा पालथा घालून त्याच्यावर दोन पाय ठेवून हे महाराज उभे. दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्याची कड कुरतडलेली दिसली. प्लॅस्टिक तिथंच संपलं.

स्टीलची वाटी ठेवली. ती हलकी. नाकानं ढकलली की फरशीवर खणखणत जायची. त्यांना तो खेळच सापडला. समोरच्या काकूंनी विचारलं, "तुमच्यात भांडण चाललंय व्हय सकाळपासनं?"

मग कुंभाराकडून जाडजूड मातीचं परळ आणलं, पसरट आणि बुडाला जड. ते काही उलटलं नाही. पाणीही गार राहायचं. मी खूश झाले. पण उन्हाळा लागला, ऊस तुटला आणि शेतांतून पाचट पेटायला लागलं. ते पेटलं की हवेत काळी पिसं उडतात. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर बसतात, तशी परळात बसायला लागली. वरून गवताच्या काड्या, लेंड्या, माती. दुपारपर्यंत त्या पाण्याचा काढा व्हायचा. शिवाय भाजक्या मातीला आतून बुळबुळीत थर चढायचा, तो काथ्यानं घासला तरी निघेना. मी सकाळी घराबाहेर पडते ती संध्याकाळी येते. दिवसातून तीनदा परळ धुवायला माझ्याकडे माणूस नाही. एक माणूस होतं, पण तिला मी कशी सांगणार?

म्हणून बाटली आणायचं ठरलं. शहरात प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गेले. पिंजऱ्याला बाहेरून अडकवायची बाटली, तिला खाली वाकडी स्टीलची नळी, नळीच्या तोंडाशी छोटी गोळी. जिभेनं गोळी आत ढकलली की पाणी येतं, सोडली की बंद.

दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, एक नंबर माल हाय. कशासाठी पायजे?"

"सशासाठी."

त्यानं बाटली परत काउंटरवर ठेवली. "सशाला पाणी देतासा?"

"तुम्ही बाटल्या विकता ना?"

"विकतो की."

"त्यावर चित्र कशाचं आहे?"

त्यानं खोकं फिरवून बघितलं. चित्र सशाचं होतं, चांगलं गुबगुबीत, नळीला तोंड लावलेलं. "ते तिकडचं ससं असतंय ताई," तो म्हणाला. "आपल्याकडच्याला सोसत न्हाय."

मी बाटली घेतली.

पहिल्या दिवशी ती गळली. थेंबाथेंबानं सगळी रिकामी. सासूबाईंनी फडकं आणून दिलं. मी बाटली उघडली. झाकणातला वायसर दुमडून बसला होता. तो सरळ केला. दुसरं असं की मी बाटली अर्धीच भरली होती. ती काठोकाठ भरून, झाकण घट्ट पिळून, मग उलटी करायची असते. वर हवेला जागा राहिली आणि झाकणातून आणखी हवा आत घुसत राहिली, तर पाणी धरून राहत नाही, खाली येतंच. हे मला प्रयोगशाळेत रोज कळतं आणि घरात कळायला एक दिवस लागला. तरीही पहिले चार-सहा थेंब पडतातच. ते पडू द्यावेत आणि मग बोट लावून बघावं.

पुढच्या आठवड्यात उलटं झालं. गळेना, पण देईना. गोळी हलेना. आमचं बोअरचं पाणी जड आहे. गिझरपासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळ्याला पांढरी खपली धरते, तीच गोळीभोवती धरली होती. गरम पाण्यात लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवून नळी रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी गोळी सुटी झाली. त्या दिवसापासून सशांना गाळलेलं पाणी, आपण पितो तेच. आणि दर रविवारी नळी लिंबूफुलात.

मग बाटलीच्या आत हिरवं धरायला लागलं, कारण ऊन लागत होतं. तिला नवऱ्याचा जुना काळा मोजा घातला. उंचीचंही गणित असतं. फार खाली लावली की ससा वाकडा होऊन चाटतो, फार वर लावली की सोडूनच देतो. नाकाच्या जरा वर, मान थोडी उचलावी लागेल इतकी. मी पिंजऱ्यापुढे उकिडवी बसून, पांढऱ्याला कानांच्या मागे धरून, तार वर-खाली करत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढं तर लेकीची उंची बी मोजली न्हवतीस."

शेवटी जमलं. रोज संध्याकाळी आले की मोजा वर करून बघायचे. बाटली निम्मी झालेली असायची. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तेच पहिलं विचारायची. "आई, पितात का? मी तुला काय सांगतो, पाण्याकडं लक्ष ठेव हं." मी म्हणायची, पितात, रोज निम्मी संपते. मला बरं वाटत होतं. सासूबाई जवळच बसून शेंगा फोडत असायच्या. त्या मान वर करत नसत.

उन्हाचा कडाका वाढला तशा पांढऱ्याच्या लेंड्या बदलल्या. निरोगी सशाची लेंडी साधारण हरभऱ्याएवढी, गोल, आतून गवताची असते. याच्या मिऱ्याएवढ्या, चेपलेल्या, कडक झाल्या. मग त्यानं गोळ्या खाणं सोडलं. मग गवतही. पाठ वर काढून कोपऱ्यात बसून राहायचा. मी हात लावला तरी सरकेना.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. पण गल्लीनं उरलेलं सगळं बोलून घेतलं. पाण्यानंच झालं. सांगितलं होतं. शिकलेल्या बायकांना ऐकायचं नसतं. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "थोडे दिवस काढूया का बाटली? आईलाही बरं वाटेल."

मला तेव्हाच दिसत होतं की हा ससा गेला तर काय होणार. पाण्याचा विषय या घरात कायमचा मिटणार. तपकिऱ्याची बाटली निघणार, लेकीला फोनवर 'तुझ्या आईनं पाणी पाजून मारला' असं सांगितलं जाणार, आणि पुढे कुणाच्याही घरी ससा आला की आमच्या पांढऱ्याचा दाखला दिला जाणार, त्या मळ्यावरच्या थाळीसारखा. मी म्हटलं, "बाटली निघणार नाही." आणि पांढऱ्याला भाजीच्या बुट्टीत घालून, वर टॉवेल बांधून, गाडीवर डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते लगेच खाली बसायला हवं. ते तसंच उभं राहिलं.

"पाणी पितो का?"

"रोज निम्मी बाटली संपते."

"हा पीत नाही. ह्याच्या अंगात पाणीच नाही."

"दुसरा पीत असेल मग सगळं."

"ते मला माहीत नाही. हा पीत नाही." त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं आणि सांगितलं की आजारी ससा गोळी ढकलायची मेहनत करत नाही, आधी सिरिंजनं थोडं थोडं पाजा, उद्यापासून त्याच्यापुढे उघडं भांडं ठेवा. आतडं हलायला लागलं तर वाचेल. उद्यापर्यंत तोंड हललं नाही तर आशा कमी.

घरी आले तर तपकिरी पिंजऱ्यातून बाहेर सोडलेला होता. तो माठाच्या तिवईखाली घुसला होता आणि माठ पाझरून खाली फरशीवर जी ओल येते ती चाटत होता. नुसती चाटत नव्हता, जीभ घासत होता. मी बुट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले. ज्याला रोज निम्मी बाटली प्यायला मिळते तो फरशी चाटत नाही.

मग पाणी जातं कुठं?

मी पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र पसरलं. काही वेळानं बघितलं, कोरडं. म्हणजे गळत नव्हतं. नळीला बोट लावलं, पाणी आलं. म्हणजे अडकत नव्हतं. निम्मी बाटली पाणी उन्हानं उडून जात नाही, तेही बंद बाटलीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्याला सिरिंजनं पाणी पाजलं, बाटली काठोकाठ भरून लावली, नेहमीसारखी डबा घेऊन बाहेर पडले. कॉलेजात जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी कुणाला सांगितलं नाही. येताना पुढच्या फाटकातून आले नाही, उसाच्या बांधावरून मागच्या बाजूनं आले.

सासूबाई परड्यात होत्या. एका हातात माझी बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण. अबोलीच्या आळ्यात पाणी ओतत होत्या. सावकाश, नीट, प्रत्येक झाडाला थोडं थोडं.

"आई."

त्या दचकल्या नाहीत. "आलीस व्हय लवकर?"

"काय करताय?"

"दिसतंय की."

"कधीपासून?"

"तू अडकवलीस त्या दिसापासनं. तू कामावर गेलीस की काढतो, तू यायच्या आत लावतो. रातीला तू निजलीस की परत काढतो, उजाडायच्या आत लावतो."

"आणि निम्मीच का?"

"तुला बरं वाटावं म्हणून. सगळी भरल्याली दिसली असती तर पुन्यांदा काय तरी नवीन घिऊन आली असतीस. वाट्या झाल्या, परळ झालं. मोजा बी घातलास." त्यांनी बाटलीकडे बघितलं. "त्यास्नी वाचवाय लागलोय मी. रोज. तुझ्यापास्नं."

मला राग आला, पण त्याहून जास्त मला त्या पाण्याच्या रेघेची आठवण झाली. रोज संध्याकाळी मोजा वर करून जी बघून मी खूश होत होते. पाणी कमी झालं एवढंच मी बघितलं होतं. कुणाच्या पोटात गेलं ते बघितलंच नव्हतं.

"अहो, तो तहानेनं मरायला लागलाय."

"तहानेनं कोण मरत न्हाय. हरतालकेला थेंब न घेता मी दीस काढतोय, लगीन झाल्यापासनं. मेलो का?"

हे त्या मला पहिल्यांदा सांगत नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच हरतालिकेला दुपारी मी स्वयंपाकघरात सगळ्यांच्या देखत माठातून भांडंभर पाणी घेऊन प्याले होते. घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली होती. मी दुसरं भांडंही प्याले होते, कारण पहिल्यानं तहान भागली नव्हती. तेव्हापासून दर वर्षी त्या निर्जळी करतात आणि मी पाणी पिते, आणि दोघी एकाच ताटातलं फराळाचं दुसऱ्या दिवशी खातो.

पण फक्त उपवासाचंच नाही. जयसिंगपूरला एस.टी.नं जायचं असलं की सासूबाई सकाळपासून पाणी सोडतात, वाटेत बाईमाणसानं कुठं जायचं म्हणून. माझ्यासोबत काम करणाऱ्या बायका त्याच कारणानं दिवसभर बाटलीला हात लावत नाहीत, डोकं दुखलं की गोळी घेतात, तीही घोटभर पाण्यात. तहान गिळून राहणं हे आम्हाला इतकं लहानपणापासून शिकवलेलं असतं की त्याला गुणच समजतात. आणि स्वतःची गिळता आली की दुसऱ्याची दिसत नाही.

"आजपासून पाणी राहील," मी म्हटलं.

"मेला तर?"

"मेला तर मी पुरीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"घर माझं हाय."

"घर तुमचं आहे. ससे माझ्या लेकीचे आहेत आणि पाणी मी भरते."

मी स्वयंपाकघरात गेले. उघडं भांडं हवं होतं, उलटणार नाही असं, कुरतडता येणार नाही असं, आजारी जनावराला मान न उचलता पिता येईल असं. ओट्याखाली काळ्या दगडाचा खल होता, पसरट तोंडाचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. मी तो धुतला, भरला आणि पांढऱ्याच्या कोपऱ्यात ठेवला.

"अगं, वेलदोडं कुटायचा खल हाय त्यो!"

"वेलदोडे मिक्सरमध्ये होतील."

"माझ्या आईनं दिलाय!"

"चांगला दिलाय. जड आहे."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा परड्यात एका बाजूला त्याची आई पाटावर बसली होती आणि दुसऱ्या बाजूला मी स्टुलावर. मध्ये पिंजरा. त्यानं दोघींचं ऐकून घेतलं, चपला काढल्या आणि तोडगा काढला. "असं करू. एक दिवसाआड पाणी ठेवू."

"तुम्ही भट्टीला एक दिवसाआड जाळ घालता का?" मी विचारलं.

तो चहा करायला आत गेला.

सासूबाईंनी मग शेवटचं काढलं. "तो ससा पाणी पितोय तवर मी पाण्याला शिवणार न्हाय."

सत्तरी ओलांडलेली बाई, चैत्रातलं ऊन, आणि हट्ट माझ्यापेक्षा जुना. नवरा दारातून माझ्याकडे बघत राहिला. 'सोड ना आता' असं ते बघणं होतं. मी उठले, आत गेले, तांब्या भरला, वर फुलपात्र उपडं घातलं आणि सासूबाईंच्या पाटाशेजारी आणून ठेवला.

"हे इथं राहील," मी म्हटलं. "प्यायचं नसेल तर पिऊ नका. मी बळजबरी करणार नाही. पण हे तुमच्यापुढून कुणी उचलायचं नाही, आणि ते त्याच्यापुढून कुणी उचलायचं नाही."

"भांडं ठिवलं म्हणून कोण पितंय?"

"नका पिऊ. ठेवलंय."

आम्ही बसलो. नवऱ्यानं चहा आणला; सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी मधूनमधून सिरिंजनं पांढऱ्याच्या ओठांच्या कडेला थेंब सोडत होते. तो गिळत होता, पण तेवढंच. तपकिऱ्यानं मात्र खल शोधला होता. त्यानं त्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. जिभेचा लप लप आवाज परडंभर ऐकू येत होता. इतका वेळ की सासूबाईंनी मान वळवून बघितलं.

"किती पितंय ते," त्या म्हणाल्या.

मी सिरिंज परत भरली. बोलण्यासारखं खूप होतं.

दिवे लागायच्या वेळेला पांढरा हलला. दोन पावलं पुढं आला, थांबला, नाक हलवलं. मग खलाच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि प्यायला लागला. डोळे अर्धे मिटलेले.

"पितोय बघ मेला," सासूबाई पुटपुटल्या.

"पिऊ दे."

"मरंल."

"पिऊन मरू दे."

तो प्यायला, मागे सरकला, परत आला, परत प्यायला. त्यानंतर मी स्वयंपाकाला आत गेले. भात लावला, आमटीला फोडणी दिली. सासूबाई बाहेरच होत्या. तांब्या केव्हा रिकामा झाला ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. जेवायला त्या आल्या, दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी मी आधी पिंजऱ्याचा तळ बघितला. लेंड्या होत्या. अजून लहान, पण ओलसर आणि बऱ्याच. पांढऱ्याच्या तोंडात गवताची एक काडी होती, ती हळूहळू आत जात होती. मी डॉक्टरांना फोन केला, मग लेकीला. सासूबाईंनी दरम्यान मूठभर लसूणघास आणून त्याच्यापुढे टाकला होता. तो त्यानं खाल्ला. झालं. समोरच्या काकू विचारायला आल्या तेव्हा मी आतून ऐकत होते.

"उठला व्हय?"

"उठला की. लसूणघास घातला मी. त्येनंच उठला."

"आणि पाणी?"

"पाण्याचं मला काय इचारू नगंस. ते तिचं हाय."

मी दुरुस्ती करायला बाहेर गेले नाही. सासूबाईंचा नियम खोटा नव्हता, तो ओल्या पाल्याचा नियम होता. खाणं बदललं आणि नियम तसाच राहिला. हे मी त्यांना एकदा शांतपणे सांगून बघितलं. त्यांनी मला मळ्यावरची थाळी परत सांगितली. ती हिरवी होती.

तर आता असं आहे. बाटली आहेच, कारण ती स्वच्छ राहते आणि मी घरी नसताना उपयोगी पडते. पण भरवसा खलावर. सकाळी दोन्ही धुते, बोट लावून गोळी बघते, आणि संध्याकाळी रेघ न बघता लेंड्या बघते. रेघेला कुणीही खाली आणू शकतं. लोक अजून फाटकातून सांगतात. सांगोत. बाटली अजून कुणी काढत असेल तर काढो, खल काढायला दोन हात लागतात आणि तो पाण्यासकट उचलला की साडी भिजते. सासूबाईंनी एकदा उचलून बघितलं असावं, कारण एका संध्याकाळी त्यांच्या निऱ्या ओल्या होत्या आणि खल जागेवर होता.

अक्षय्य तृतीयेला पुरण घातलं. पुरण वाटून झालं, पाटावर वेलदोडे काढून ठेवले, आणि सासूबाई परड्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"खल आण," त्या म्हणाल्या. "मिक्सरमधल्या वेलदोड्याला वास न्हाय येत."

"तो सशांचा आहे."

"सणाचं एक दिवस घितला तर काय हुतंय?"

"सणाच्या दिवशीही तहान लागते, आई."

त्या आत गेल्या, वेलदोडे फडक्यात बांधले आणि लाटण्यानं कुटायला लागल्या, मला ऐकू जाईल इतक्या जोरात. मी खलात ताजं पाणी ओतलं.